मागं येणारी

म्हाळसाबाईंनी प्रश्न विचारला तेव्हा सगळे हसत होते, आणि ते हसू ओसरायच्या आत रत्नमालेनं त्यांच्या ताटात भाजी वाढली. त्यांना ती नको होती. आधीची वांग्याची फोड ताटात तशीच होती. तरी ती वाकली, पळी पुढं केली आणि म्हणाली, "आई, घ्या ना, तुम्ही काही घेतलंच नाही." सासूनं एकदा तिच्याकडं पाहिलं, मग ताटाकडं, आणि मान खाली घालून भाकरी मोडली. एवढंच घडलं. बिडकीनच्या त्या नव्या बंगल्यात काचेच्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. पण संध्याकाळी शहराकडं परत येताना, कंपन्यांसाठी आखलेले आणि अजून रिकामेच असलेले रुंद रस्ते मागं जात असताना, रत्नमालेला आपल्या उजव्या हाताचं काहीतरी बिनसल्यासारखं वाटत राहिलं. हात धुतलेला होता. तिनं तो नाकाशी नेला. वास मसाल्याचाच होता.

"ती आईच व्हती कशावरनं?" असं म्हाळसाबाईंनी विचारलं होतं. आणि त्याच सहज आवाजात त्या पुढं म्हणाल्या होत्या, "थानाला लावलं व्हतं का तिनं लेकराला?" रत्नमाला दचकली ती त्या शब्दानं. प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. माहेरच्या माणसांसमोर, भावजयीसमोर, सासूनं बाईच्या छातीला मेंढीचा शब्द लावला म्हणून तिचे कान तापले, आणि तो शब्द झाकायला ती भाजी घेऊन धावली. शब्दाबरोबर प्रश्नही झाकला गेला. आता गाडीत पुढच्या सीटवर तिचा नवरा रामहरी सरळ बसून रस्त्याकडं पाहत होता, मागं म्हाळसाबाई मांडीवर झोपलेल्या नातीच्या, श्रेयाच्या, केसांतून बोटं फिरवत होत्या, आणि तो प्रश्न गाडीत कुठंतरी होता. विश्वजीतनं, तिच्या भावानं, सोडायला दिलेल्या या गाडीत थंड हवा होती. बाहेर करपलेली तूर होती, तिच्यामागं लोखंडी सांगाडे.

म्हाळसाबाई त्या घरात पहिल्यांदाच जेवल्या होत्या. रत्नमाला आणि रामहरी शहरातल्या कॉलेजात रसायनशास्त्राला एका वर्गात होते, आणि तिनं त्याच्याशी लग्न केलं तेव्हा तिच्या वडिलांनी, काकासाहेबांनी, मेंढरांमागं हिंडणाऱ्यांच्या घरात मुलगी दिली असं कुणी म्हणू नये म्हणून मुलगी दिलीच नाही असं सांगायला सुरुवात केली. ती गेली, असं ते म्हणत. पाचोडच्या बाजाराला गेले आणि रामहरीचा धाकटा भाऊ मेंढरं घेऊन दिसला, तर ते रस्ता बदलत. मग रत्नमालेनंच एकदा वर्तमानपत्रातली जाहिरात कापून रामहरीसमोर ठेवली. राखीव पलटण. वर्षातून काही आठवडे छावणीच्या मैदानावर गणवेश घालायचा, कवायत करायची, बंदूक साफ करायची आणि पुन्हा आपापल्या कामावर जायचं. तो शेंद्र्याच्या एका कंपनीत यंत्रावर होता, कंपनीनं परवानगी दिली. त्याला हौस नव्हती. "मला धावायला आवडतं, एवढंच," तो म्हणाला होता. हौस तिला होती. गणवेशातला त्याचा फोटो तिनं आईच्या फोनवर पाठवला, वडील तो पाहतील हे माहीत असताना. यंदा पूर्वेकडच्या सीमेवर चोरवाटेनं येणाऱ्यांना अडवायला आणि आत सापडलेल्यांना परत पलीकडं सोडायला कायमची फौज पुरेना म्हणून राखीव पलटणीला बोलावणं आलं. सगळा उन्हाळा तो तिकडं होता. परतला तेव्हा हर्सूलच्या त्यांच्या वसाहतीच्या तोंडाशी त्याचा मोठा फलक लागला होता, आणि फलकाच्या खालच्या कोपऱ्यात, शुभेच्छुकांच्या रांगेत, विश्वजीतचा हसरा चेहरा होता. त्यानंतरच्या रविवारी जेवणाचं आमंत्रण आलं. विहीणबाईंना घेऊन या, असं वडील स्वतः फोनवर म्हणाले. तो फोन ठेवल्यावर रत्नमाला न्हाणीघरात जाऊन रडली होती.

गोष्ट रामहरीनं छान सांगितली. त्याला सांगता येतं हे तिला माहीत होतं, पण काचेच्या टेबलावर त्याची जीभ अशी मोकळी होईल असं वाटलं नव्हतं. "सीमेवर कुंपणाला एक फाटक होतं," त्यानं सांगितलं. "अलीकडं पत्र्याची शेड. पकडलेली माणसं आदल्या दिवशी त्या शेडमध्ये आणायची आणि सकाळी फाटकातून पलीकडं काढायची. त्या दिवशीची माणसं उठंचनात. एकमेकाला धरून बसली. साहेबाचा हुकूम होता, काठी लावायची नाही, फोटो निघतात. कायमच्या फौजेतले पण थकले ओरडून."

"मग दाजी, तुम्ही काय केलं?" विश्वजीत म्हणाला.

"मी मेंढराचा धंदा केला," रामहरी म्हणाला, आणि तिथंच पहिलं हसू फुटलं. "मेंढरू पाण्यातनं पलीकडं जात नसलं तर आमचे वडील काय करायचे, कोकरू उचलायचे आणि चालू लागायचे. हाणायचं नाही, ओढायचं नाही. मागं वळून पण बघायचं नाही. कोकराची आई ओरडत मागं येती. ती आली की दुसरी येती. मग सगळाच कळप. तिथं एक पोरगी होती, श्रेयापेक्षा बारकी, एकटीच पाण्याच्या टाकीपाशी खेळत होती. उचलली. बिस्कीट दिलं हातात. निघालो फाटकाकडं. एक बाई उठली किंचाळत. तिच्यामागं दुसरी. मी फाटकाच्या पलीकडं जाऊन पोरगी खाली ठेवली तर सगळी शेड माझ्यामागं. कळप वळला."

"कळप वळला," विश्वजीतनं टेबलावर थाप मारली. "ऐकलं का बाबा? आमच्या साईटवर पण अशीच माणसं आहेत, बांगलाची का बंगालची देवाला माहीत. निघा म्हटलं तर निघत नाहीत, आणि निघाली तर स्लॅब कोण टाकणार ही पंचाईत."

काकासाहेब मोठ्यानं हसले नाहीत. त्यांनी ताटातून नजर उचलून जावयाकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "काठी न लावता. याला डोकं म्हणतात, जावईबापू." त्यांनी आजवर हा शब्द उच्चारला नव्हता. रत्नमालेनं पाण्याचा ग्लास उचलला आणि पाणी न पिता तो खाली ठेवला. तिच्या अंगातून काहीतरी ऊबदार खाली उतरत गेलं. आणि त्याच क्षणी म्हाळसाबाईंनी, लेकाच्या कौतुकानं हसता हसता, विचारलं.

घरी आल्यावर तिनं सासूला विचारलं. कपडे घडी घालता घालता, जणू सहज. "आई, तुम्ही ते का विचारलंत?" म्हाळसाबाईंना आधी आठवेना. मग म्हणाल्या, "ते व्हय? काय नाय ग. मेंढरात आईच येती मागं. माणसात कुनीबी येतं, म्हून इचारलं. आसंल की आईच. मी म्हातारी, तोंडाला यील ते इचारते. तुझ्या बापाच्या घरी जेवण लई झ्याक झालं बघ. खीर तर आशी." त्यांना पुन्हा तिकडं जायचं होतं हे त्यांच्या आवाजात जाणवत होतं. त्या ताटासाठी त्यांनीही इतकी वर्षं वाट पाहिली होती. रत्नमालेनं घड्या कपाटात ठेवल्या. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं आवडलं नाही.

पुढचे दिवस ती रामहरीकडं पाहत राहिली. पाहणं हेच तिचं काम होतं. शहरातल्या एका प्रयोगशाळेत ती पाण्याचे नमुने तपासायची. पाऊस दडी मारून बसला की नमुने वाढत. खोल खोल गेलेल्या बोअरचं जड, खारट पाणी, नव्या वसाहतींना विकलेलं टँकरचं पाणी, हर्सूलच्या तलावाचं तळाला गेलेलं हिरवट पाणी. बाटल्यांवर क्रमांक असत, गावं नसत. एखादी गोष्ट आहे म्हणायला ती पुन्हा पुन्हा तशीच दिसली पाहिजे, हे तिच्या अंगात मुरलं होतं, आणि म्हणून तो आल्या दिवसापासून जे दिसत होतं त्याला तिनं नाव दिलं नव्हतं. रामहरी श्रेयाला उचलत नव्हता. तिच्याशी खेळत होता, तिला जेवू घालत होता, तिच्या वेण्या घालत होता, पण ती हात वर करून "बाबा, घे" म्हणाली की तो खाली बसायचा. गुडघ्यावर बसून तिच्या उंचीचा व्हायचा आणि तिथंच तिला जवळ घ्यायचा. रस्ता ओलांडताना तो तिचं बोट धरायचा आणि तिच्या पावलांनी चालायचा, मागून मोटारसायकली भोंगे वाजवत असताना. पाठ दुखत असेल, असं रत्नमालेनं ठरवलं होतं. पण गव्हाची गोणी त्यानं एकट्यानं तिसऱ्या मजल्यावर आणली. आता, त्या जेवणानंतर, तिला दुसरंच काही सुचत होतं, आणि सुचलेलं ती बाजूला सारत होती. तिला आठवत होतं ते बिडकीनचं जुनं शेत. काढणी झाली की मेंढपाळ यायचे, त्यांच्या घोड्यांवर भांडी, कोंबड्या आणि लहान पोरं बांधलेली असायची, आणि वडील त्यांना हाताला धरून आणायचे, आमच्या शेतात बसवा मेंढरं, खत होईल. आजी सुपानं ज्वारी द्यायची. आणि दुष्काळाच्या वर्षी तेच मेंढपाळ शिवेवर दिसले की वडील चार माणसं घेऊन जायचे. कुणाला हात लावायचे नाहीत. नुसते उभे राहायचे, त्यांचं सामान बांधून होईपर्यंत. नऊ-दहा वर्षांची ती बांधावरून बघत असायची. "आपण कधी कुणावर हात उचलला नाही," असं वडील घरी येऊन पाय धुताना म्हणायचे, आणि तिला त्यांचा अभिमान वाटायचा. त्या बायकांपैकी एखादी म्हाळसाबाई असू शकेल, हे लग्नानंतर तिच्या मनात आलं होतं. तिनं कधी विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी टँकर आला. वसाहतीची सगळी माणसं ड्रम, घागरी, बादल्या घेऊन खाली उतरली. रांग सरकत नव्हती, कारण पुढं दोन बायकांचं नळी कुणाकडं आधी यावरून लागलं होतं. रामहरी ड्रमवर टेकून उभा होता. तो म्हणाला, "साहेबाचा फोन आला होता काल. नवी तुकडी जातेय तिकडं. परवा छावणीच्या मैदानावर त्यांना मी दाखवायचंय."

"काय?"

"ते. उचलायचं." तो नळीकडं पाहत होता. "साहेब म्हणाले, आम्ही याला पद्धत म्हणूनच घेतोय. कागदावर गेलंय वरपर्यंत."

"चांगलंय की," ती म्हणाली. मग, टँकरच्या पाण्याच्या आवाजाआड, स्वतःलाही ऐकू येणार नाही इतक्या हळू, तिनं विचारलं, "राम, ती आईच होती ना?"

तो लगेच बोलला. इतक्या लगेच की तो महिनाभर या प्रश्नाशेजारीच बसून असावा. "नाही," तो म्हणाला. "मावशी होती. का शेजारीण. आई औषधाच्या खोलीत होती, पायाला पट्टी बांधायला नेली होती तिला. परत आली तर शेड रिकामी. मी तिथंच होतो, झाडून घेत होतो. ती रडली नाही, रत्ना. तिला वाटलं पोरगी लपलीय. टाकीमागं बघितलं, पत्र्यामागं बघितलं. हसत हसत बघत होती. मग माझ्याकडं आली. तिची भाषा मला येत नव्हती. तिनं असा हात धरला," आणि त्यानं आपला तळहात जमिनीला समांतर, ड्रमच्या मध्यावर धरला, "एवढी, म्हणून. एवढी पोरगी बघितली का."

"मग?"

"मी फाटक दाखवलं."

रांग पुढं सरकली. त्यानं ड्रम पायानं ढकलला. "फाटक बंद झालं होतं. पलीकडचे परत उघडत नाहीत, आपल्यालाही परत घेता येत नाही. आणि तिचं काहीतरी तपासायचं राहिलं होतं कागदांचं, म्हणून तिला लगेच पाठवता पण येईना. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, बघू, होईल. दुसऱ्या दिवशी माझी ड्युटी बदलली."

"आणखी कुणाला सांगितलंस हे?" हा रत्नमालेचा पहिला प्रश्न होता. तोंडातून निघाल्यावर तिला तो ऐकू आला. त्यात ती बाई नव्हती, पोरगी नव्हती, त्यात काचेचं टेबल होतं. रामहरीनं नुसती मान हलवली, नाही म्हणून. त्याचा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता असा होता, मार खाऊन झालेल्या आणि आणखी खायला तयार असलेल्या माणसासारखा. तो पाहून तिला त्याला वाचवावंसं वाटलं. कॉलेजात त्याचा प्रयोग बिघडायचा तेव्हा असाच उभा राहायचा तो, हातात रंग उतरून गेलेला काचेचा चंबू घेऊन, आणि ती जवळ जाऊन कुठं चुकलं ते सांगायची. चूक सापडली की त्याचा श्वास मोकळा व्हायचा. तिनं तेच केलं. विचार न करता, मायेनं, जी भाषा तिला सगळ्यात चांगली येत होती त्या भाषेत. "हे बघ," ती म्हणाली, "तुझी नियत वाईट नव्हती. तू एक गोष्ट गृहीत धरलीस. मागं येणारी ती आई, हे मेंढरात खरं आहे, माणसात नाही. चूक तेवढीच आहे. मूल कुणाचं आहे ते आधी पक्कं करून घ्यायचं. विचारायचं, बायकांना वेगवेगळं. मग उचलायचं."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. हळूहळू त्याच्या खांद्यातून काहीतरी उतरलं. "हे सांगू परवा पोरांना?" त्यानं विचारलं.

"सांग ना," ती म्हणाली. नळी त्यांच्या ड्रमपाशी आली होती.

प्रयोगशाळेत दुपारी ती पाण्याचा जडपणा काढत होती. लालसर पाण्यात वरच्या काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडायचे आणि एका थेंबाला ते निळं होतं, त्याच्या आधीच्या थेंबाला नसतं. हे काम तिला आवडायचं, कारण त्यात हात आणि डोळे यांच्यामध्ये मनाला जागा नसायची. त्या दिवशी मात्र थेंब पडत असताना तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, तोच समंजस, खालच्या पट्टीतला आवाज. मग उचलायचं. तिनं नळी बंद केली. पाणी कधीचंच निळं होऊन गेलं होतं, पुढं किती थेंब गेले ते तिला माहीत नव्हतं. मूल उचलायचं, असं ती म्हणाली होती. एका बाईचं मूल तिच्यासमोरून उचलायचं, आधी ती बाई तीच आहे याची खात्री करून घेऊन. तिनं एका बाईच्या आयुष्यातली ती सकाळ हातात घेतली होती, उलटसुलट करून पाहिली होती, आणि तिला त्यात एक दुरुस्त करण्यासारखी त्रुटी सापडली होती. बाकीचं तिला ठीक वाटलं होतं. बाकीचं म्हणजे शेड, फाटक, बिस्कीट, कोकरू. ती स्टुलावर बसून राहिली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं "मॅडम, बरं नाही का?" विचारलं तेव्हा ती "उन्हाचं" म्हणाली. आपण एखाद्या माणसाचं वाईट करतो तेव्हा आपल्याला काहीतरी वाटत असेल, राग, हाव, भीती, असं ती धरून चालली होती. तिला यातलं काही वाटलं नव्हतं. तिला फक्त नीटनेटकं वाटलं होतं. तिला वडील आठवले, पाय धुताना, स्वच्छ. ते पाणी अंगणातून तुळशीकडं जायचं. आणि त्या बाईचा तळहात तिला दिसत राहिला, हवेत, कशावर तरी टेकल्यासारखा, ज्याच्याखाली काही नव्हतं. तो तळहात रामहरीचा होता खरं तर, ड्रमपाशी धरलेला. बाईला तिनं पाहिलंच नव्हतं. बाईचा चेहरा ती करू पाहत होती आणि तिथं कुणीच येत नव्हतं, आणि हेही तिला आपलंच केलेलं वाटलं.

घरी जाऊन सांगायचं, असं तिनं ठरवलं. दाखवू नकोस म्हणायचं. साहेबाला सांग, पाठ भरलीय, ताप आलाय, काहीही. फार तर गणवेश परत कर. बसमध्ये तिनं वाक्यं जुळवली. हर्सूलला उतरली तेव्हा ती तोंडपाठ होती, आणि जिना चढताना तिला श्रेयाचं हसणं ऐकू आलं. दार उघडं होतं. रामहरीनं लेकीला उचललं होतं. दोन्ही हात तिच्या काखेत घालून त्यानं तिला वर धरलं होतं, पार पंख्याच्या खाली, आणि ती पाय झाडत हसत होती. म्हाळसाबाई खाटेवर बसून म्हणत होत्या, "आरं रामा, हळू, जेवलीय ती आत्ताच." त्यानं तिला खांद्यावर बसवलं आणि रत्नमालेकडं वळला. त्याचा चेहरा त्याचा होता. उन्हाळ्याआधीचा. "तू म्हणालीस ते लिहून काढलं मी," तो म्हणाला. "नीट, एकापुढं एक. बघतेस का?"

ती चपला काढत होती. एका चपलेचा पट्टा निघत नव्हता. तिला कळलं की आपण आत्ता बोललो तर ते हात खाली येतील. कदाचित पुन्हा वर जाणारच नाहीत. त्याचं हे बरं होणं तिनंच सकाळी टँकरपाशी त्याला दिलं होतं आणि ते एका खोट्या गोष्टीवर उभं होतं, की चूक झाली होती आणि ती दुरुस्त झाली. ते काढून घ्यायचं तर त्याच्या जागी द्यायला तिच्याकडं काही नव्हतं. त्या बाईला पोरगी देता येत नव्हती. याला निदान लेक तरी. असा हिशेब तिच्या मनात क्षणभर मांडला गेला, आणि तो इतका पटणारा होता की तिला त्याची किळस आली. पण तो हिशेबच फक्त नव्हता. काचेचं टेबलही होतं त्यात, वडिलांचा तो एक शब्द होता, पुढच्या महिन्यात विश्वजीतच्या मुलाच्या बारशाला सासूसाठी आणलेली साडी होती. कुठलं कारण किती, हे वेगळं करून पाहायची तिला सवय होती. तिनं ते केलं नाही. पट्टा निघाला. "नंतर बघते," ती म्हणाली. शुक्रवार आला आणि गेला. शुक्रवारी रात्री त्यानं बूट चमकवले. ती बघत होती. प्रत्येक वेळी तोंड उघडायची वेळ आली आणि प्रत्येक वेळी श्रेया त्याच्या कडेवर होती, किंवा नसली तर आत्ता होती असं वाटत होतं.

शनिवारी दुपारी महापालिकेचं पाणी आलं. आठवड्यानंतर आलं होतं, आणि कधी जाईल याचा नेम नव्हता. म्हाळसाबाई न्हाणीघरातल्या नळाखाली भांडी लावत होत्या, रत्नमाला भरलेली भांडी उचलून ओट्याकडं नेत होती. श्रेया सांडलेल्या पाण्यात पाय आपटत होती. रामहरी गणवेशातच दारात येऊन उभा राहिला. घामानं पाठ ओली होती, चेहरा उन्हानं लाल.

"झालं का रे?" म्हाळसाबाईंनी नळाखालची घागर न सोडता विचारलं. "काय म्हनला सायेब?"

"लई खूश," तो म्हणाला. खाली बसून तो बुटाच्या नाड्या सोडू लागला. घरात आला की त्याची बोली अशी सैल व्हायची. "मी सगळं सांगितलं, आई. चूक झाली व्हती ते पण सांगितलं. लपवलं नाय काही. मला वाटलं साहेब चिडतील. ते म्हणाले, हे प्रामाणिक माणसाचं लक्षण आहे. आणि रत्नानं जे सांगितलं व्हतं ना, ते समद्यांनी घेतलं. साहेब म्हणाले, तुमच्या मिसेसना आमचे आभार सांगा. आता पद्धत पक्की झाली. आता चूक व्हायची नाय."

"कशात?" म्हाळसाबाईंनी विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. पाण्याच्या आवाजात त्यांना अर्धंच ऐकू आलं होतं, आणि लेकाच्या कामाचं त्यांना समजून घ्यायचं होतं. रामहरी थांबला. एक बूट त्याच्या हातात होता. त्यानं तोंड उघडलं आणि मग, काही समजावून सांगायचं असलं की घरात नेहमी व्हायचं तसं, त्यानं रत्नमालेकडं पाहिलं. म्हाळसाबाईंनीही मान वर केली. घागर भरून गळ्यावरून पाणी वाहू लागलं होतं. रत्नमालेला वाटलं, आत्ता भाजीची पळी पुढं करावी तसं काहीतरी हाताशी असेल. तिनं इकडं तिकडं पाहिलं. हात ओले होते आणि रिकामे होते.

"मूल उचलण्यात, आई," ती म्हणाली.

म्हाळसाबाई तिच्याकडं पाहत राहिल्या. मग त्यांनी खाली पाहिलं, भरलेली घागर दोन्ही हातांनी बाजूला ओढली, आणि तिच्या जागी दुसरी ठेवायची विसरल्या.